छातीचा हार्टरेट पट्टा: पावसाळा, ऑक्टोबर आणि थंडी काढल्यानंतर

पाचपैकी चार तारे. एक कापलाय तो इलॅस्टिकसाठी, त्याचं खाली सांगतो.

वजन उतरवायला घेणार असाल तर पैसे खिशातच ठेवा. सपाटीवर पळताना दर किलोमीटरला, अंगाच्या दर किलोमागं साधारण एक कॅलरी खर्च होते. म्हणजे ६५ किलोचा माणूस कोल्हापुरात रंकाळ्याला १० किलोमीटर पळाला तर साडेसहाशे. वर मिसळ आणि गंगावेशीत कट्ट्यावरचं धारोष्ण दूध झालं की हिशेब मिटला. त्यात शरीर पक्कं बेरकी. हर्मन पॉन्ट्झर या संशोधकांचा टांझानियातल्या हाडझा लोकांवरचा अभ्यास २०१२ साली आला. शिकार आणि कंदमुळांसाठी दिवसभर रानात हिंडणारी ही माणसं, पण अंगकाठीचा फरक धरला तर दिवसाचा एकूण खर्च शहरात बसून काम करणाऱ्यांएवढाच निघाला. माझाही काटा पावसाळ्यापासून जेमतेम हललाय.

मग पट्टा कशाला? ठोके बघत हळू पळायला.

अंगात साखरेचा साठा थोडा. स्नायूंत ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, यकृतात शंभरेक, म्हणजे सगळं मिळून दोन हजारांच्या वर थोड्या कॅलरी. वरच्याच ६५ किलोच्या माणसाला हे ३०-३५ किलोमीटर पुरेल. मॅरेथॉनमध्ये बरेच जण नेमके तिथंच का बसतात, ते यावरून कळतं. चरबी मात्र काटकुळ्या माणसातही हजारो कॅलरींची पडून असते. वेग वाढला की शरीर साखरेवर जातं, कमी ठेवला की चरबीचा वाटा वाढतो. महिनोन् महिने पळलं की स्नायूंत मायटोकॉन्ड्रिया (ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे पेशींतले बारीक भाग) आणि बारीक रक्तवाहिन्या वाढतात, मग त्याच वेगाला साखर कमी लागते. जॉन होलोझी या संशोधकांनी १९६७ सालीच उंदरांना पळवून हे दाखवलं होतं. त्यांच्या स्नायूंतली ऑक्सिजन वापरायची ताकद जवळजवळ दुप्पट झाली होती. जोरात पळूनही मायटोकॉन्ड्रिया वाढतात, नाही असं नाही. पण रोज जोरात पळणं अंगाला झेपत नाही.

मनगटावरचं घड्याळ हिरव्या उजेडानं रक्ताचा प्रवाह बघतं, आणि पळताना कधीकधी पावलांचीच गती ठोके म्हणून दाखवतं. पट्टा हृदयाचा विजेचा सिग्नल घेतो, त्यामुळं आकडा खरा. ठोक्यांची मर्यादा ठरवताना तेवढं जास्तीत जास्त ठोक्यांचं '२२० वजा वय' हे सूत्र लावू नका, माणसागणिक त्यात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. माझं उत्तर १७८ येतं, आणि पन्हाळ्याच्या शेवटच्या चढाला पट्ट्यावर १८९ दिसले. मी रोजची मर्यादा मिनिटाला १४० ठोके ठेवली. पहिले काही आठवडे वैताग आला. ग्रुपमधले काका शेजारनं जाताना विचारायचे, "पळायलायस का चालायलायस?" त्या वेळी १४० ठोक्यांना किलोमीटरला सव्वाआठ मिनिटं लागत होती, आता सात मिनिटं दहा सेकंद लागतात. सकाळी उठल्याउठल्याचे ठोकेही उतरलेत, कारण हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं.

ऑक्टोबरच्या उकाड्यात मात्र त्याच वेगाला शेवटी शेवटी दहा ठोके जास्त दिसायचे. रक्त अंग थंड करायला कातडीकडं वळतं, घामानं रक्तातलं पाणी घटतं, मग हृदयाला पळापळ करावी लागते. पट्टा बिघडला म्हणून परत करू नका, वेग कमी करा.

आता तक्रारी. थंडीत कोरड्या छातीवर पहिली पाच-सात मिनिटं आकडे वाट्टेल तिथं उड्या मारतात, नायलॉनचा टी-शर्ट असेल तर जास्तच. मागचे दोन काळे पॅड नळाखाली चांगले ओले करून बांधले की गप बसतात. कोल्हापूरच्या पावसात पट्टा दोन-दोन दिवस वाळत नाही आणि वास असा येतो की घरच्यांनी तो बाल्कनीत हद्दपार केलाय. रोज साध्या पाण्यानं धुवा. पट्ट्यावरचं ठोके मोजणारं बटण काढून वेगळं ठेवा, ओल्या पट्ट्याला लावून ठेवलं तर ते चालूच राहतं आणि नाण्याएवढा सेल फुकट संपतो.

इलॅस्टिक दिवाळीपर्यंत सैल पडलं. पळताना पट्टा पोटावर घसरायचा. ज्यांच्याकडून घेतला त्यांचं उत्तर, "घामाला वॉरंटी नाही." पळायच्या वस्तूला! बटण अजून ठणठणीत आहे, त्यामुळं दुसरा नुसता पट्टा आणून त्याच्यावर चाललंय. घेताना सुटा पट्टा मिळतो का आणि केवढ्याला, एवढं आधी विचारून घ्या.