तीस टनांचा हूक आणि मऊ लोखंडाची पिन

ऊस वाहतूकदार फसला म्हटले की तोडणी मजूर आणून देणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन पळाला असणार, असेच ऐकणाऱ्याला वाटते. माझा मुकादम प्रामाणिक निघाला. मला गंडा घातला तो ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या जोडणीचे सामान विकणाऱ्या एका दुकानदाराने, आणि रक्कम साडेअकरा हजारांचीच असली तरी त्यापायी ओढ्याच्या चढणीवर एका माणसाचा जीव जायची वेळ आली होती. हंगाम तोंडावर आला की आपण सगळेच ट्रॅक्टरची डागडुजी काढतो, म्हणून घडलेले तपशिलाने लिहितो.

माझा ट्रॅक्टर ५० एचपीचा, मागे दोन ट्रॉल्या. पुढची दोन चाकी, मागची चार चाकी. ट्रॉली जोडायच्या मागच्या पट्टीचे, म्हणजे ड्रॉबारचे, भोक झिजून लांबट झाले होते, म्हणून मी नवीन हूक घ्यायला गेलो. दुकानदाराने काळ्या रंगाचा एक जाडजूड हूक, पुढच्या ट्रॉलीच्या मागे लावायचा दुसरा हूक आणि आरशासारख्या चकाकणाऱ्या दोन पिना काउंटरवर मांडल्या. "अण्णा, तीस टन ओढा, वाकला तर पैसे परत. पिना एन-एटच्या आहेत," असे तो म्हणाला. एन-एट म्हणजे तापवून कडक करता येणारे पोलाद. तीस टन हे ओढायचे वजन की हुकावर पडणारे, हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. चार चाकी ट्रॉली आपला भार स्वतःच्या चाकांवर घेते, हुकाला फक्त ओढ बसते. दोन चाकी ट्रॉलीच्या भाराचा काही हिस्सा मात्र थेट हुकावर टेकतो, त्यामुळे एकच आकडा दोन्हींना लावणे हीच पहिली फसवणूक होती.

दुसरी त्याच्या फिटरने केली. ट्रॉलीचा दांडा समपातळीत यावा आणि वळताना टायरला लागू नये, असे सांगून त्याने हूक मूळ जागेपेक्षा नऊ इंच वर आणि एक फूट मागे बसवला. ट्रॅक्टरच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत साधारण २ मीटर अंतर धरले, तर मागच्या आसापासून ८० सेंटिमीटरवर पडलेला ५०० किलोचा भार पुढच्या चाकांवरचे २०० किलो वजन उचलून घेतो. तोच भार ११० सेंटिमीटरवर गेला की २७५ किलो उचलतो. हे झाले उभ्या ट्रॅक्टरचे. चढावर हूक जितका उंच तितकी ओढ ट्रॅक्टरला मागे पाडू पाहते, आणि तो आसाच्या वर गेला तर तोंड उचलून ट्रॅक्टर उलटायला वेळ लागत नाही. पहिल्याच आठवड्यात चढावर स्टेअरिंग हलके लागू लागले. फोन केला तर उत्तर मिळाले की पुढे वजने टाका. मी टाकलीही, आणि आजार तसाच ठेवून वर मलमपट्टी केली.

पिनेकडे मात्र माझे लक्षच गेले नाही. कोणत्याही ट्रॉलीच्या दांड्याची कडी बसावी म्हणून हुकाच्या वरच्या-खालच्या दोन पानांत जवळजवळ ६० मिलिमीटर फट ठेवलेली होती, आणि माझ्या ट्रॉलीची कडी होती २५ मिलिमीटर जाडीची. फट कडीपुरतीच असेल तर पिनेला कापणारा जोर सोसावा लागतो. फट मोठी असली की पिन काठीसारखी मधोमध वाकते. शिवाय भोक पिनेपेक्षा सूतभर मोठे, म्हणजे प्रत्येक खड्ड्यात हातोड्याचा घाव. सुरुवातीला पिन दोन बोटांनी निघत असे. पंधरा दिवसांनी ड्रायव्हर ती हातोडीने ठोकून काढू लागला. पिन वाकल्याची याहून स्पष्ट खूण दुसरी नसते, पण खेपा चुकू नयेत म्हणून मी ग्रीस लावायला सांगून मोकळा झालो.

फडातून भरून निघताना ओढ्याच्या चढणीवर मागच्या ट्रॉलीची पिन तुटली. ट्रॉली मागे सरकत गेली आणि बांधाला टेकून तिरकी थांबली. तिच्या मागे चालत येणारा तोडणीवाला तंबाखू मळायला बाजूला थांबला होता, एवढ्यावरच तो वाचला.

उरलेली पिन मी गावच्या लोहाराकडे नेली. त्याने तिचे टोक भट्टीत लालबुंद करून पाण्यात बुडवले आणि त्यावर कानस फिरवली. एन-एटमध्ये कार्बन सुमारे ०.४ टक्के असल्याने असे टोक कडक होते आणि कानस घसरते. इथे ती लोण्यात शिरावी तशी शिरली. वरचा मुलामा नखाच्या पापुद्र्याएवढा, आत साधे एमएस, म्हणजे मऊ पोलाद. साध्या एमएसची ताणशक्ती ४१० मेगापास्कलच्या आसपास, तर ८.८ शिक्क्याच्या मजबूत बोल्टची ८००. म्हणजे जाडी तीच, ताकद निम्मी.

दुकानदाराने आधी "ओव्हरलोड केला असेल" असे म्हटले आणि कारखान्याच्या काट्याची पावती मागितली. भार थोडा जास्त होता हे मी नाकारत नाही. पण तीस टनांच्या जवळपासही तो नव्हता. मग त्याने बिल विचारले. जीएसटी वाचवण्यासाठी मी चिठ्ठीवर व्यवहार केला होता, तिच्यावर ना दुकानाचे नाव, ना मालाचे. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर मलाही पहिला प्रश्न बिलाचाच विचारला गेला.

आता हूक पुन्हा खाली, ड्रॉबारच्या मूळ उंचीवर आहे. दोन पानांतली फट वॉशर वेल्ड करून कडीपुरती ठेवली. पिना लेथवर माझ्यासमोर करून घेतल्या, त्याच रॉडचा वितभर तुकडा आधी लोहाराकडे तपासून. दोन ट्रॉल्यांच्या मध्ये सुरक्षेची साखळीही आहे, आणि पिन हाताने निघाली नाही तर त्या दिवशी ट्रॅक्टर फडात जात नाही.