वंडरस्वान, निओ जिओ पॉकेट कलर आणि गेम गिअर: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल. निन्टेंडोच्या गेम बॉयपुढे झाकोळून गेलेल्या जुन्या हँडहेल्डपैकी, म्हणजे हातात धरून खेळायच्या गेम यंत्रांपैकी, एकच घ्यायचा आणि तो रोज खेळायचा असेल, तर निओ जिओ पॉकेट कलर घ्या. डोकं लावून बनवलेलं यंत्र हाताळण्याचा आनंद हवा असेल तर वंडरस्वान. गेम गिअर सोल्डरिंग (धातू वितळवून भाग जोडणं) येत असेल तरच. ही यंत्रं वाईट होती म्हणून मागे पडली असं पुष्कळांना वाटतं, पण ती हरली ती चुकीच्या वेळेमुळे, अपुऱ्या गेममुळे आणि कंपन्यांच्या आर्थिक अडचणींमुळे. यंत्र म्हणून त्यांच्यात ज्या गोष्टी सापडतात त्या जिंकलेल्या गेम बॉयमध्येही नाहीत, आणि ती जमवण्याची ओढ लागते ती त्यामुळेच.

वंडरस्वान

बांडाई या जपानी खेळणी कंपनीने तो ४ मार्च १९९९ रोजी जपानमध्ये ४,८०० येनला आणला. मूळ कल्पना गुनपेई योकोई यांची. गेम अँड वॉच आणि गेम बॉय घडवणारे हेच. १९९६ मध्ये निन्टेंडो सोडून त्यांनी कोतो लॅबोरेटरी काढली आणि १९९७ मध्ये ते रस्त्यावरच्या अपघातात गेले. वंडरस्वान बाजारात आलेला त्यांना पाहता आला नाही. त्याच्या सुरुवातीच्या गेमपैकी एकाला ‘गुनपेई’ हे नाव त्यांच्या स्मरणार्थच दिलं.

स्वस्त आणि मुरलेलं तंत्र घेऊन त्यातून नवं काही काढायचं, ही योकोईंची रीत इथे पुरेपूर दिसते. एकच पेन्सिल सेल लागतो आणि तो ३० ते ४० तास चालतो. प्रोसेसर १६ बिटचा, ३.०७२ मेगाहर्ट्झचा एनईसी व्ही३० एमझेड. पडदा २२४ × १४४ पिक्सेलचा, करड्या रंगाच्या आठ छटांचा. सेल सोडून वजन शंभर ग्रॅमच्याही आत. खिशात ठेवला तर आहे हे विसरायला होतं.

खरी गंमत बटणांत आहे. डावीकडे चार-चार बटणांचे दोन चौकडे आहेत, एक वर, एक खाली. उजवीकडे ए आणि बी. यंत्र आडवं धरलं की एक चौकडा दिशेसाठी. उभं धरलं की एक चौकडा दिशेसाठी आणि दुसरा कृतीच्या बटणांसाठी. ‘गुनपेई’ उभा धरूनच खेळायचा: तुकड्यांवरच्या रेषा वर-खाली हलवून डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत अखंड रेघ जुळवायची. अंगठे आपोआप बसतात, पडदा लांबट मिळतो आणि वरून खाली बघत खेळण्याचा गेम प्रथमच योग्य आकारात दिसतो.

याची किंमतही मोजावी लागते. चार बटणं सुटी असल्यामुळे तिरकी दिशा दाबताना अंगठा दोन बटणांच्या मधल्या फटीवर ठेवावा लागतो. मारामारीच्या गेममध्ये अर्धवर्तुळ फिरवायचं म्हटलं की दर तिसऱ्या-चौथ्या वेळी चाल हुकते. कोडी, नेमबाजी आणि पाळीपाळीने खेळायचे गेम यांना मात्र काहीच अडचण येत नाही.

हेडफोनची जागा नाही. त्यासाठी बाहेरच्या पोर्टला लावायचा वेगळा अडॅप्टर लागतो आणि तो स्वतंत्र शोधावा लागतो, म्हणून यंत्रासोबत अडॅप्टर मिळत असेल तर तो सोडू नका. आवाजासाठी चाक नाही, एक बटण आहे. दाबत गेलं की आवाज टप्प्याटप्प्याने बदलतो. स्टार्ट दाबून धरून यंत्र चालू केलं की मालकाची माहिती भरायचा मेन्यू येतो: नाव, जन्मतारीख, रक्तगट. ही माहिती यंत्रातल्या ईईप्रॉम या कायम टिकणाऱ्या मेमरीत राहते, तिला बॅटरी लागत नाही. जुना वंडरस्वान घेतल्यावर हा मेन्यू उघडून बघाच. कधी कधी आधीच्या मालकाने लिहिलेलं नाव तिथे तसंच असतं.

कोणता घ्यावा? मूळ करडा वंडरस्वान उन्हात किंवा खिडकीपाशी सुरेख दिसतो आणि सेल सर्वांत जास्त पुरवतो, पण रंगीत पडद्यासाठीच बनलेले गेम त्यावर चालत नाहीत. ९ डिसेंबर २००० ला आलेल्या वंडरस्वान कलरचा पडदा हलत्या चित्रामागे शेपूट सोडतो. नेमबाजीच्या गेममध्ये गोळी आणि तिची सावली यांत गोंधळ होतो. जुलै २००२ च्या स्वानक्रिस्टलमध्ये टीएफटी हा झटपट बदलणारा पडदा आला आणि हा दोष जवळपास गेला. तो जुने करडे गेमही चालवतो. सेल साधारण १५ तास जातो, म्हणजे मूळ यंत्राच्या फार तर निम्मा. खेळण्यासाठी घेत असाल तर स्वानक्रिस्टल घ्या.

बहुतेक गेम जपानीत आहेत. ‘गुनपेई’, ‘क्लोनोआ: मूनलाइट म्युझियम’, ‘मिस्टर ड्रिलर’ यांना भाषा जवळजवळ लागत नाही. ‘फायनल फँटसी’ १, २ आणि ४ मात्र भाषेशिवाय मेन्यूतच अडकवतात. ‘फायनल फँटसी’चा पहिला भाग कलर आला त्याच दिवशी निघाला, पण त्यानंतर चार महिन्यांच्या आत गेम बॉय अॅडव्हान्स आला आणि वंडरस्वानचं गणित तिथेच बिघडलं. तरीही क्यूट कंपनीच्या वंडरविच या संचामुळे लोकांना घरी बसून त्याच्यासाठी गेम लिहिता आले. त्यातूनच ‘जजमेंट सिल्व्हरस्वर्ड’ निघाला आणि २००४ मध्ये कार्ट्रिजवर (यंत्रात बसवायच्या गेमच्या डबीवर) आला. यंत्राची ताकद किती होती ते बघायचं असेल तर हा गेम बघा.

निओ जिओ पॉकेट कलर

एसएनके या जपानी गेम कंपनीचा हा हँडहेल्डही १९९९ चाच. दोन पेन्सिल सेल, सुमारे ४० तास. पडदा १६० × १५२. एकाच वेळी १४६ रंग. हे आकडे ठीक आहेत, पण यंत्राचा जीव त्याच्या काडीत आहे. डावीकडची छोटी काडी आठ दिशांना झुकते आणि प्रत्येक दिशेला खाली मायक्रोस्विच आहे. कट् असा बारीक आवाज येतो आणि चाल लागली की नाही ते बोटालाच कळतं. वंडरस्वानवर हुकणारं अर्धवर्तुळ इथे सहज जातं. ‘एसएनके व्हर्सेस कॅपकॉम: मॅच ऑफ द मिलेनियम’ दोनच बटणांवर इतका भरगच्च खेळता येतो तो या काडीमुळे. बटण किती वेळ दाबलं त्यावरून हलका किंवा जोरदार फटका ठरतो. दोन-चार दिवसांत ते अंगवळणी पडतं.

बहुतेक गेम यंत्राची भाषा बघून जपानी किंवा इंग्रजीत चालतात आणि प्रदेशाचं कुलूप नाही. म्हणजे जपानी कार्ट्रिज घेतलं तरी बऱ्याचदा इंग्रजीत खेळता येतं. संग्राहकाच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे. खेळाची नोंद कार्ट्रिजमधल्या फ्लॅश मेमरीत राहते, त्यामुळे आतली बटण-बॅटरी संपून सगळं पुसलं गेलं, हा प्रकार इथे नाही. यंत्रात मात्र घड्याळ आणि भाषेच्या नोंदीसाठी सीआर२०३२ ही बटण-बॅटरी लागते. ती संपली की यंत्र चालू करताना भाषा आणि तारीख पुन्हा विचारली जाते. पुष्कळदा लोक यालाच बिघाड समजून यंत्र स्वस्तात विकतात. कार्ट्रिज न लावता चालू केलं तर कॅलेंडर, गजर, जगाची वेळ आणि चक्क राशिभविष्य मिळतं.

त्रासाच्या जागा दोन. पडद्याला आतून उजेड नाही, म्हणून दिव्याचा कोन साधावा लागतो. आणि काडी फार वापरलेली असेल तर एखाद्या दिशेचा कट् आवाज मऊ होतो. घेताना आठही दिशा सावकाश झुकवून आवाज ऐका. एक दिशा गप्प असेल तर काडीचा भाग उघडून स्वच्छ करावा लागेल किंवा बदलावा लागेल.

सेल, पट्ट्या आणि पडदा

जुन्या हँडहेल्डचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे आत विसरलेला सेल. अल्कलाइन सेलमधून गळतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली. त्यावर खाण्याचा सोडा लावून उपयोग नाही, कारण तोही अल्कलीच. कापसाच्या काडीवर पांढरं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन सेल टेकतो त्या धातूच्या पट्टीवर टेकवा, बुडबुडे थांबेपर्यंत थांबा, ओल्या काडीने पुसा आणि शेवटी ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा. स्प्रिंगवरचा मुलामा गेला असेल आणि खाली काळं दिसत असेल, तर स्प्रिंग बदलणंच बरं. गळती तारेच्या कडेने बोर्डापर्यंत पोहोचते, म्हणून कप्पा स्वच्छ दिसला तरी एकदा उघडून बघा. तीन पाकळ्यांची खाच असलेल्या ट्राय-विंग स्क्रूवर फुलीचा स्क्रूड्रायव्हर चालवू नका, डोकं घासलं की तो स्क्रू निघतच नाही.

१.२ व्होल्टचे निकेल-मेटल हायड्राइड सेल चालतात. सेल संपत आल्याची खूण फक्त थोडी लवकर दिसते. आत नियंत्रक असलेले १.५ व्होल्टचे लिथियम-आयन सेल आवाजात बारीक गुणगुण आणतात. आणि एक गोष्ट कधीच करू नका: १४५०० हा सेल आकाराने पेन्सिल सेलसारखाच असतो, पण तो ३.७ व्होल्टचा आहे. एका सेलवर चालणाऱ्या वंडरस्वानमध्ये तो घातला तर यंत्राचा अंतच समजा.

पडद्यावर काळपट डाग दिसले किंवा उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला, तर पोलरायझर फिल्म (पडद्यावरचा प्रकाश गाळणारा पातळ थर) कुजते आहे. आतला काचेचा पडदा बऱ्याचदा धडधाकट असतो. समोरची फिल्म हळू सोलायची, उरलेला गोंद अल्कोहोलने मऊ करून प्लास्टिकच्या पट्टीने काढायचा आणि नवी फिल्म कापण्याआधी चालू पडद्यावर धरून फिरवायची. ९० अंशांनी चुकली तर काळ्याचं पांढरं दिसतं. बरोबर कोन सापडला की खूण करून मगच कापायची. मागची फिल्म परावर्तक थराशी चिकटलेली असते. ती काढणं नाजूक काम आहे, ते पहिल्याच यंत्रावर करू नका.

आयपीएस या नव्या, उजळ पडद्याचे किट वंडरस्वान आणि पॉकेट कलर या दोन्ही यंत्रांसाठी मिळतात आणि चित्र झळाळून उठतं यात वाद नाही. सेलचं आयुष्य मात्र चांगलंच घटतं. वंडरस्वानच्या मूळ पडद्याच्या कडेला सेल, आवाज आणि धरण्याची दिशा दाखवणारी कायमची चिन्हं असतात. किट ती दाखवतं का, हे घेण्याआधी विचारा. माझं मत असं: पडदा मेला असेल तरच बदला. उन्हात बघायला बनवलेला चांगला पडदा काढून टाकला की त्या यंत्राची अर्धी करामत गेली.

गेम गिअर

सेगाचा १९९० चा गेम गिअर उजेडाच्या रंगीत पडद्यासह आला आणि सहा सेल तीन ते पाच तासांत संपवतो. ते चालवून घेता येतं. खरी अडचण कपॅसिटरची, म्हणजे थोडी वीज साठवणाऱ्या छोट्या भागांची आहे. त्यातले पृष्ठभागावर बसवलेले छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयाने गळतात. चित्र फिकट होतं, आवाज नाहीसा होतो किंवा चालू होऊन लगेच बंद पडतं. उघडल्यावर माशासारखा वास आला तर शंकाच नको. मुख्य बोर्ड, आवाजाचा बोर्ड आणि वीजपुरवठ्याचा बोर्ड, तिन्हींवरचे सगळे कपॅसिटर एकदमच बदला. एक-दोन बदलून थांबलात तर पुन्हा उघडावं लागेल. बोर्डाच्या आवृत्तीप्रमाणे संच वेगळा असतो, त्यामुळे आधी बोर्डावरचा क्रमांक वाचा. जुना कपॅसिटर उपटू नका, सोल्डरची चकती बोर्डावरून उचकटते. उघडायला फुलीच्या स्क्रूड्रायव्हरसोबत ४.५ मिलिमीटरचा गेमबिट (गेम यंत्रांच्या खास स्क्रूसाठीचं टोक) लागतो. ‘कपॅसिटर बदललेले’ असं लिहून कोणी विकत असेल तर आतल्या तिन्ही बोर्डांचे फोटो मागा.

घेताना

बंद यंत्राच्या चकचकीत फोटोवर जाऊ नका. चालू पडद्याचा, पूर्ण पांढऱ्या आणि पूर्ण गडद चित्राचा फोटो मागा. उभी किंवा आडवी रेघ गायब असेल तर ती तिथेच दिसते. बॅटरीच्या कप्प्याचा फोटो मागा. झाकण आहे का बघा, कारण सुटं झाकण शोधण्यात यंत्रापेक्षा जास्त वेळ जातो. खोका असला तर छान, पण खोक्यासाठी डाग पडलेला पडदा घेऊ नका.

कार्ट्रिज चालत नसेल तर त्यात फुंकर मारू नका. ओलाव्याने पट्ट्या गंजतात. अल्कोहोल लावलेली कापसाची काडी पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने फिरवा, काडी काळी येणं थांबेपर्यंत, आणि पाच मिनिटं सुकू द्या. पॉलिश पेपर वापरला तर सोन्याचा मुलामा जातो आणि मग ते कार्ट्रिज दर महिन्याला रुसतं. वंडरस्वानच्या काही कार्ट्रिजमध्ये नोंदीसाठी बटण-बॅटरी असते. ती बदलताना नोंद पुसली जाते, म्हणून खेळ अर्ध्यावर असेल तर आधी तो संपवा. सेलवर थेट सोल्डर करू नका, पट्ट्या आधीच जोडलेला सेल घ्या.

ठेवून द्यायचं असेल तर सेल काढून ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी अर्धा तास चालवा. काडी आणि बटणं मोकळी राहतात आणि पडद्यावर नवा डाग पडत असेल तर तो छोटा असतानाच दिसतो.