ठाण्यातला स्काउट ग्रूप : एका वर्षानंतरचा रिव्ह्यू, साडेतीन स्टार

पोरगा मागच्या जूनमध्ये स्काउटला जायला लागला, त्याला आता वर्ष झालं. सोसायटीतल्या तीन-चार जणींनी विचारलं की कसं आहे गं, आमच्याला घालू का, म्हणून प्रत्येकीला वेगळा व्हॉइस मेसेज पाठवण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. ग्रूपचं नाव इथे घेत नाहीये, कारण पुढे तक्रारीपण आहेत आणि चालवणारी माणसं नोकरी सांभाळून, पगार न घेता रविवारची सकाळ देतात. भारत स्काउट्स आणि गाईड्सचा ओपन ग्रूप आहे, म्हणजे एकाच शाळेच्या मुलांसाठी नाही, कुठल्याही शाळेतली मुलं येतात, एवढं सांगितलं की पुरे.

आधी कबूल करते की मला अजिबात पाठवायचं नव्हतं. आमच्या वेळी शाळेत गाईडचा तास म्हणजे आठवड्यातून एकदा वेगळा युनिफॉर्म घालायचा, मैदानावर रांगेत उभं राहायचं, त्या ठरलेल्या तालातल्या टाळ्या वाजवायच्या आणि बाई सावलीत बसून पेपर तपासायच्या. रुमाल इस्त्री केलेला नसला की ओरडा. सात वर्षांत एक गाठ शिकवली नाही कुणी. त्यामुळे नवऱ्याने जेव्हा सांगितलं की रविवारी सकाळी साडेसातला सोडायचंय, तेव्हा म्हटलं झालं, माझी रविवारची झोप पण गेली आणि पोरगा टाळ्या शिकून येणार.

पहिल्याच रविवारी धो धो पाऊस. शाळेच्या पोर्चमध्ये चाळीसेक पोरं, एका बाजूला स्काउट म्हणजे मुलगे, दुसऱ्या बाजूला गाईड म्हणजे मुली, आणि कोपऱ्यात छोटे कब-बुलबुल, दहाच्या आतले. सर कुठेत म्हणून बघतेय तर सर लांब खुर्चीवर चहा पितायत आणि माझ्या लेकाला एक चौदा वर्षांचा मुलगा दोरी हातात देऊन शिकवतोय. मला राग आला, म्हटलं फी घेतात आणि शिकवतात पोरंच. नंतर हळूहळू कळलं की ही पद्धतच आहे. सहा ते आठ जणांचा एक पॅट्रोल, त्यांच्यातलाच एक मोठा मुलगा पॅट्रोल लीडर, आणि रोजचं बरंचसं तोच बघतो, हजेरी, सामान, कोण नवीन आहे, कोणाला गाठ येत नाही. मुलग्यांच्या पॅट्रोलना प्राण्या-पक्ष्यांची नावं, मुलींच्या पॅट्रोलना फुलांची. आमचा गरुड. गरुडाला शू लेस बांधता येत नव्हती हो जूनमध्ये, अकरा वर्षांचा घोडा, वेलक्रोचे बूट घालायचा.

आणि खरं सांगू का, सर चहा पीत बसतात तेच त्या ग्रूपचं सगळ्यात चांगलं आहे. घरी मी दहा वेळा सांगितलेलं ऐकत नाही तो, पण त्या चौदा वर्षांच्या दादाने एकदा सांगितलं की बॅग आदल्या रात्री भरायची, तर आता शनिवारी रात्री दाराशी बॅग तयार. मला काही कळत नाही यात काय जादू आहे, पण आहे.

आता प्रोग्रेस कशी असते ते सांगते, कारण सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. आधी प्रवेश, मग प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि सगळ्यात वर राष्ट्रपती पुरस्कार. प्रत्येक पायरीला ठरावीक महिने द्यावेच लागतात, उडी मारता येत नाही, त्यामुळे नववीत घालून दहावीच्या आधी राष्ट्रपती पुरस्कार काढून द्या असं सांगायला जे पालक येतात (येतात, मी स्वतः ऐकलंय) त्यांनी कृपया तसदी घेऊ नये. प्रवेशाला वचन आणि नियम नुसते पाठ म्हणून चालत नाही, समजून सांगावे लागतात, नियम नऊ आहेत, त्यातला एक काटकसरीचा आहे आणि तो आमच्या घरात फार महागात पडलाय. मी स्विगी उघडलं की पोरगा तो नियम म्हणून दाखवतो.

प्रथम सोपानमध्ये गाठी, प्रथमोपचार, खुणांवरून माग काढणं असं येतं. गाठींची आमच्या घरातली गंमत सांगते. त्यांच्याकडे एक जुनी हिंदी पुस्तिका आहे, त्यात रीफ नॉटला डॉक्टरी गाँठ लिहिलंय, शीट बेंडला जुलाहा गाँठ आणि क्लोव्ह हिचला खूँटा फाँस. हा बाल्कनीत कपडे वाळत घालायची दोरी बांधत होता क्लोव्ह हिचने, आणि माझ्या सासूबाई बघत होत्या. त्या शहापूरकडच्या, लहानपण सगळं गोठ्यात गेलेलं. म्हणाल्या, अरे ही तर खुंट्याची गाठ, दावं असंच बांधायचे आम्ही म्हशीचं, याला क्लास कशाला लावलाय. मग त्यांनीच त्याला एका हाताने बांधायची कशी ते दाखवलं, आणि पुढच्या रविवारी गरुड पॅट्रोलमध्ये याची जी काय कॉलर ताठ झाली होती.

वर्षभरात काय काय झालं ते सगळं लिहीत बसत नाही. पावसाळ्यात उपवनपासून येऊरला चालत हाईक झाला, दगड-फांद्यांच्या खुणा ठेवून पुढचा पॅट्रोल जाणार आणि मागचा शोधत येणार असा खेळ होता. येऊरला वीकेंडला काय अवस्था असते ते ठाणेकरांना सांगायला नको, वेफर्सची पाकिटं आणि बाटल्यांच्या काचा इतक्या की खूण कुठली आणि कचरा कुठला तेच पोरांना कळेना. शेवटी खेळ सोडून त्यांनी गोण्या भरल्या. हे ठरवलेलं नव्हतं, वाटेत ठरलं, म्हणून मला आवडलं. गणपतीत दीड दिवसाच्या आणि पाच दिवसांच्या विसर्जनाला मासुंद्याजवळच्या कृत्रिम तलावापाशी निर्माल्य वेगळं करायला उभे होते, हार एकीकडे, थर्माकोल-प्लॅस्टिक दुसरीकडे. तिथे एका काकांनी याला दमात घेतलं की आमचा हार प्लॅस्टिकच्या पिशवीसकटच टाकायचा, तर हा रडवेला होऊन आला, पण पिशवी काढूनच. ७ नोव्हेंबरला त्यांचा स्थापना दिवस असतो, तेव्हा झेंड्याचे स्टिकर घेऊन बिल्डिंगमध्ये फिरायचं आणि संस्थेसाठी पैसे गोळा करायचे. आमच्या तीन विंगमध्ये सगळ्यात आधी स्टिकर घेतला वॉचमनकाकांनी, आणि बाराव्या मजल्यावरच्या एका दाराने आयहोलमधून बघून आत टीव्हीचा आवाज वाढवला. पोरगा हे नीट लक्षात ठेवून आहे.

त्याच आठवड्यात पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रूपवर एकांनी पिल्लू सोडलं की हे इंग्रजांचं खूळ आहे, कशाला. सरांनी मस्त उत्तर दिलं. स्काउटिंग सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलने १९०७ मध्ये इंग्लंडमध्ये ब्राऊनसी बेटावर पहिला कॅम्प घेतला हे खरंच, आणि १९०९ मध्ये ते इथे आलं तेव्हा गोऱ्यांच्याच मुलांसाठी होतं हेपण खरं. पण मग आपल्या लोकांनी वाट बघितली नाही, ॲनी बेझंटबाईंनी मद्रासला वेगळी संघटना काढली, अलाहाबादला मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरूंनी सेवा समितीची काढली, आणि स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये सगळ्या एकत्र करून भारत स्काउट्स झाली, गाईड्स पुढच्या वर्षी त्यात आल्या. ग्रूपवर बराच वेळ कुणी काही बोललं नाही, मग गुड मॉर्निंगचे फुलं सुरू झाले.

गाईडवाल्या मुलींचं एक वेगळं सांगायला हवं, कारण मुलगी असेल तर जास्त विचार करा असं मी म्हणेन. पुण्यात संगम म्हणून केंद्र आहे, जगभरातल्या गर्ल गाईड्सची अशी अगदी मोजकी केंद्रं आहेत आणि त्यातलं एक १९६६ पासून आपल्या पुण्यात. २२ फेब्रुवारी, म्हणजे बेडन-पॉवेल आणि त्यांची बायको दोघांचाही वाढदिवस, हा दिवस ते थिंकिंग डे म्हणून पाळतात, त्या सुमारास आमच्या मुली तिथे जाऊन आल्या. माझी भाची त्यात होती. परदेशातून आलेल्या एका मुलीला हिने कांदेपोहे शिकवले आणि मला फोन करून विचारतेय, मामी, शेंगदाणे आधी की मोहरी. मुलग्यांना असं काही नाही, ते त्या रविवारी मैदानातच कंपास घेऊन फिरत होते.

डिसेंबरचा कॅम्प तीन दिवसांचा, मुरबाडच्या बाजूला. तंबू, बांबू आणि दोरीचं चप्पल स्टँड, भांडी ठेवायचं रॅक, सगळं स्वतः बांधायचं, आणि रात्री शेकोटी. मोठ्या मुलांना भांड्यांशिवाय स्वयंपाक होता, यांना भांडी होती तरी बटाटे बाहेरून कोळसा आणि आतून कच्चे. जेवण ठीक. टॉयलेटबद्दल मात्र सरळ बोलते, अडीचशे मुलं आणि टॉयलेट मोजून आठ, त्यातली दोन तुंबलेली, मुलींची फार गैरसोय झाली. आधी जागा बघून यायला नको का कुणी? पूर्ण एक स्टार मी इथे कापलाय आणि त्यावर मला कुणाचंही स्पष्टीकरण नकोय.

उरलेला अर्धा रेकॉर्डचा. याची प्रथम सोपानची टेस्ट सप्टेंबरमध्ये झाली, पास झाला, सगळं झालं, पण प्रगती कार्डावर नोंद आणि सही जानेवारीपर्यंत नाही. विचारलं की पुढच्या रविवारी. पुढच्या रविवारी म्हणायचे रजिस्टर घरी राहिलं. आता पुढच्या पायरीचे महिने आधीच्या नोंदीपासून मोजतात, म्हणजे पोराचे चार महिने पाण्यात. त्याला स्वतःला काही वाटलं नाही, त्याला गाठी येतात म्हणजे येतात, पण त्याच्यासोबतचा एक जण राज्य पुरस्काराच्या तयारीतला, त्याचा फॉर्म याच कारणाने राहिला आणि तो यंदा दहावीत गेला, म्हणजे आता सुटलाच. ग्रूपमध्ये पंधरा-सोळाची मुलं इतकी कमी का, त्याचं अर्धं उत्तर क्लासेस आहे आणि अर्धं हे आहे.

खर्चाचं म्हणाल तर आमचा वर्षाचा फी, कॅम्प आणि युनिफॉर्म सगळं मिळून आठ हजारांच्या आत गेलं. प्रायव्हेटवाले पाच दिवसांच्या समर कॅम्पचे याच्या दीडपट घेतात आणि झिपलाईनवर फोटो काढून देतात. युनिफॉर्मचा राखाडी शर्ट इथे घाईत घेऊ नका, मला दुकानदाराने वेगळ्याच राखाडीचा दिला, मग दादरला जाऊन दुसरा आणला. स्कार्फ ग्रूपच देतो. वॉगल, म्हणजे स्कार्फ गळ्याशी अडकवायची रिंग, हरवतो, दोन घ्या.

फेब्रुवारीत मी सरांना जरा चढ्या आवाजातच बोलले त्या रजिस्टरवरून. त्यांनी ऐकून घेतलं, चहा संपवला आणि म्हणाले, ताई तुम्ही अकाउंट्समध्ये आहात ना. तर आता ते रजिस्टर माझ्या घरी आहे, बेचाळीस पोरांचं, निम्म्या पानांवर चहाचे डाग, आणि मागच्या शनिवारी रात्री दाराशी त्याच्या बॅगेशेजारी माझीपण बॅग होती. नवीन मुलं जूनच्या पहिल्या दोन रविवारी घेतात. येताना जन्मदाखल्याची झेरॉक्स आणा आणि वय नीट लिहा, मला परत फोन करायला लावू नका.