माजी सैनिकांसाठी ‘जीवन प्रमाण’ ॲप कसं आहे? सातारा-सांगलीच्या हिशेबानं परीक्षण

निकाल आधीच सांगतो. चेहरा ओळखून हयातीचा दाखला काढणाऱ्या ॲपला पाचपैकी साडेचार गुण. पेन्शनच्या नोंदीतली चूक दुरुस्त करून घेण्याच्या सोयीला पाचपैकी दोन. दाखला याच नोंदीवर उभा असतो, म्हणून दोन्हींचं परीक्षण एकत्रच करावं लागतं.

सैन्याचं पेन्शन घेणाऱ्यानं वर्षातून एकदा आपण हयात असल्याचं कळवायचं असतं. जुन्या पेन्शनरांचा महिना बहुधा नोव्हेंबर, पण नुकतेच निवृत्त झालेल्यांची तारीख वेगळी असू शकते. ‘स्पर्श’ या सैन्याच्या पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीत लॉगिन केलं की आपली तारीख दिसते, तीच खरी धरावी. दाखला द्यायचा राहिला की पेन्शन थांबतं. नंतर दिला की थकबाकीसकट मिळतं, त्यामुळे पैसे बुडत नाहीत. पण ज्या घरात महिन्याचं औषध पेन्शनवर चालतं तिथे दोन महिन्यांचा खंडही फार होतो.

आधी पेन्शन बँक काढायची, म्हणून दाखलाही शाखेत दिला जायचा. आता ते प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन्स या संरक्षण लेखा कार्यालयाकडून स्पर्श प्रणालीमार्फत थेट खात्यात येतं आणि बँकेकडे फक्त जमा होतं. म्हणून दाखला बँकेला नव्हे, स्पर्शला पोहोचायला हवा. ही गोष्ट लक्षात न घेता काढलेला दाखला तयार होतो, मोबाइलवर मेसेज येतो, घरचे निश्चिंत होतात आणि पेन्शन तरीही थांबतं.

ॲपसाठी अँड्रॉइड फोन लागतो. कॅमेरा ५ मेगापिक्सेल किंवा जास्त, फोनमध्ये निदान ५०० एमबी जागा रिकामी. प्ले स्टोअरवरून दोन ॲप घ्यायची: ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’. पहिलं टाकल्यावर त्याचं चिन्ह फोनवर दिसत नाही. ते मागे राहून काम करतं, म्हणून ते आलंच नाही असं समजून पुन्हा पुन्हा टाकत बसू नये. व्हॉट्सॲपवर कुणी ‘पेन्शनचं ॲप’ म्हणून फाइल पाठवली तर ती उघडायची नाही. दाखल्यासाठी फोन करून ओटीपी मागणारा माणूस पेन्शन कार्यालयाचा नसतो. बँकेतली गोळा केलेली ग्रॅच्युइटी एका फोनवर जाऊ शकते, म्हणून हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावं.

पहिल्यांदा ॲप उघडलं की ऑपरेटरची नोंदणी होते. ऑपरेटर म्हणजे फोन हाताळणारा. स्वतः पेन्शनर असेल तरी चालतं, नातू किंवा सून असेल तरी चालतं. त्याचा आधार नंबर, मोबाइल, ईमेल, ओटीपी आणि चेहरा एकदाच द्यायचा. त्यानंतर त्याच फोनवर कितीही पेन्शनरांचे दाखले निघतात. या सोयीसाठीच आम्ही गुण वाढवले. गावात एक जाणता पोरगा आणि एक बरा फोन असला तर अख्ख्या आळीचं काम एका रविवारी होतं. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात, जिथे पहिल्या महायुद्धात ४६ जवान गेले आणि आजही घराघरात फौजी आहे, तिथे तर मंदिराच्या ओसरीवर खुर्ची मांडूनच हे काम करावं.

मग पेन्शनरची माहिती. आधार नंबर, मोबाइल, ईमेल आणि ओटीपी झाल्यावर पेन्शनचा प्रकार विचारतात: स्वतःचं की कुटुंब निवृत्तिवेतन. मंजुरी देणारी संस्था म्हणून संरक्षण विभागाची पीसीडीए पेन्शन्स निवडायची. यादीत शहराचं जुनं नाव अलाहाबाद असंही दिसतं, गोंधळू नये. वाटप करणारी संस्था म्हणून ज्या नावात ‘स्पर्श’ आहे तीच निवडायची. इथे सवयीनं बँकेचं नाव निवडलं की वर सांगितलेला घोटाळा होतो. पेन्शन अजून बँकच काढत असेल अशा थोड्यांनीच बँक निवडावी.

पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश; त्याचा नंबर ही चूक होण्याची दुसरी जागा. जुन्या पीपीओत इंग्रजी अक्षर, तिरकी रेघ आणि वर्ष असतं. स्पर्शमध्ये गेलेल्यांना नवा, सलग बारा आकडी नंबर मिळालेला असतो. तोच भरायचा. डिस्चार्ज बुकाला टाचलेला जुना कागद समोर ठेवून नंबर भरला तर दाखला नाकारला जातो. पुन्हा नोकरी आणि पुनर्विवाह यांबद्दलचे प्रश्न खरे तेच भरून पुढे जावं.

चेहऱ्याचं स्कॅन ऐकायला सोपं, पण अडकतं ते प्रकाशात. पेन्शनरला दाराच्या आत, उजेडाकडे तोंड करून बसवावं. दार पाठीमागे असेल तर चेहरा काळा येतो आणि स्कॅन होत नाही. चष्मा काढायचा. टोपी, फेटा, कानावरची मफलर, कपाळावर आलेला पदर बाजूला. फोन डोळ्यांच्या उंचीवर हातभर अंतरावर धरायचा. चौकट हिरवी झाली की पापणी मिटून उघडायची. ऐंशीच्या पुढच्या माणसाला ‘डोळे मिचकवा’ म्हटलं की तो डोळे घट्ट मिटून बसतो. त्याऐवजी ‘आबा, सावकाश एकदा मिटा, उघडा’ असं शेजारी बसून सांगावं. मोतीबिंदूचं ऑपरेशन ताजं असेल तर पट्टी निघेपर्यंत थांबणं बरं. तीनदा करूनही चेहरा जुळला नाही तर खोट बहुधा आधारमधल्या जुन्या फोटोत असते. मग आधार केंद्रात बायोमेट्रिक नवं करून घ्यावं, फोन बदलून उपयोग नाही.

बोटाच्या ठशाचा जुना मार्गही चालू आहे, कॉमन सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा पोस्टात. पण ऊसतोड, खुरपणी, हळदीची काढणी यांत आयुष्य गेलेल्या बायकांच्या बोटांवर रेषा उरलेल्या नसतात. यंत्र ‘ठसा जुळत नाही’ म्हणतं आणि त्या आपलीच काही चूक झाली असं समजून परत जातात. त्यांच्यासाठी चेहऱ्याचं ॲप हा मोठाच आधार आहे. सेंटरवाल्यानं आठ वेळा बोट दाबायला लावलं तर तिथेच चेहऱ्याचं स्कॅन करायला सांगावं. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येतो, शुल्क ७० रुपये. पोस्टमन ओळखीचा असतो आणि रेंज कुठे मिळते हे त्याला ठाऊक असतं, म्हणून कोयनाकाठच्या आणि जावळीच्या डोंगरातल्या वाड्यांसाठी ही सेवा सगळ्यात भरवशाची. रेंज नसेल तर ॲप काहीच करू शकत नाही. आबांना पायरीपायरीनं टेकडीवर नेण्यापेक्षा पोस्टमनला निरोप द्यावा.

आता नोंदीच्या दुरुस्तीला दोनच गुण कशासाठी, ते. कसाबला जिवंत पकडणारे तुकाराम ओंबळे जावळीतल्या केडंब्याचे, पोलिसात येण्याआधी सैन्याच्या सिग्नल्समध्ये होते. मुरलीकांत पेटकर पेठ इस्लामपूरचे, ईएमई या सैन्याच्या यंत्रदुरुस्ती विभागाचे जवान, १९६५च्या युद्धात जखमी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्ण जिंकलं. ही नावं कुणी चुकवत नाही, चुकवूही नयेत. पण त्याच काळात वीस-बावीस वर्षं नोकरी करून परतलेल्या हवालदाराच्या बायकोचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेचं असतं, आणि ती विधवा झाल्यावर हे पहिल्यांदा कळतं.

याचं कारण आपल्या रीतीत आहे. लग्नात नाव बदलतं. सैन्याच्या कागदावर कधी माहेरचं नाव गेलेलं असतं, कधी सासरचं. युनिटमधल्या कारकुनानं कानाला आलं तसं इंग्रजीत लिहिलेलं. ‘बाई’ कधी जोडलेलं, कधी सोडलेलं, भोसले आडनावाचं स्पेलिंग दोन प्रकारचं. आधार मात्र मतदार कार्डावरून किंवा रेशनकार्डावरून झालेलं. नवरा हयात असताना हा फरक कुणाला अडवत नाही. तो गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करताना आणि तिचा दाखला काढताना दोन्ही वेळा आडवा येतो.

तिच्या जन्मतारखेचं तर आणखी मोठं आहे. अनेक जुन्या पीपीओंत पत्नीची जन्मतारीखच नसते. ८० वर्षं पूर्ण झाली की पेन्शन २० टक्क्यांनी वाढतं, ८५ ला ३० टक्के, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि १०० ला दुप्पट. कुटुंब निवृत्तिवेतनालाही हेच लागू. किमान ९,००० रुपये मूळ पेन्शन धरलं तरी ८० नंतर महिन्याला १,८०० रुपये आणि त्यावर महागाई भत्ता जादा मिळायला हवा. प्रणालीत जन्मतारीख नसेल तर वय मोजणार कुठून? वाढ लागत नाही आणि आजीला ती लागायला हवी होती हेही माहीत नसतं. वयाच्या पंच्याहत्तरीतच स्पर्शच्या नोंदीत तिची तारीख आहे का ते पाहून घ्यावं.

दुरुस्तीचा रस्ता स्पर्शच्या पडद्यावर सुरू होतो पण तिथे संपत नाही. मोबाइल आणि पत्ता लॉगिनमधून बदलतो. पीपीओतलं नाव, जन्मतारीख किंवा पत्नीची नोंद बदलायची तर कागद रेकॉर्ड ऑफिसला जातात: मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, बॉम्बे इंजिनिअर्सचे खडकीला, महार रेजिमेंटचे सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, सिग्नल्सचे जबलपूरला, ईएमईचे सिकंदराबादला. तिथून नोंद तपासून प्रकरण प्रयागराजला, तिथून दुरुस्तीचा कॉरिजेंडम पीपीओ. याला महिने लागतात. म्हणून हे काम पावसाळ्याआधीच सुरू करावं, नोव्हेंबरात नव्हे. पाठवताना डिस्चार्ज बुकातलं कुटुंबाच्या नोंदीचं पान, पार्ट टू ऑर्डरची (लग्न, मुलं अशा बदलांची युनिटनं केलेली नोंद) प्रत असेल तर ती, आधार, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, आणि अर्जावर सैन्य क्रमांक, हुद्दा, पूर्ण नाव हे पीपीओत आहे तसंच, स्पेलिंगसकट. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवला तर शिक्क्यासह जातो आणि पाठपुराव्यासाठी जावक क्रमांक हातात राहतो. आधारमधलं नाव बदलणं की पीपीओतलं, हे ठरवताना बँक, सातबारा आणि मुलांचे दाखले कशाशी जुळतात ते पाहावं. जिथे जास्त कागद एकसारखे आहेत ते नाव ठेवावं.

मोबाइल नंबराचीही तीच गत. स्पर्शला नवऱ्याचा नंबर जोडलेला, तो गेल्यावर सिम बंद, आणि ओटीपी बंद नंबरवर. सिम बंद पडण्याआधी स्पर्शच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन नंबर बदलून घ्यावा. मुलाचा नंबर देताना तो मुलगा पुण्या-मुंबईला असतो की घरी, हे आधी बघावं. ओटीपीला वेळेची मर्यादा असते.

सैन्यातून निवृत्त होऊन डीएससीत (संरक्षण ठिकाणांची राखण करणाऱ्या दलात) पुन्हा भरती झालेले आपल्याकडे पुष्कळ. त्यांना दोन पेन्शन असतील तर दोन पीपीओ असतात आणि दाखलेही दोन लागतात, एकाच दिवशी एकापाठोपाठ काढले तरी चालतं. स्वतःचं पेन्शन आणि नवऱ्याचं कुटुंब निवृत्तिवेतन दोन्ही घेणाऱ्या बाईलाही तसंच. राज्य सरकारच्या दुसऱ्या नोकरीचं पेन्शन कोषागारातून येतं, त्याचा दाखला कोषागारासाठी वेगळा. एक काढला की सगळं झालं, असं नसतं.

दाखला निघाल्यावर प्रमाण आयडी मेसेजनं येतो. तो वहीत तारखेसह लिहून ठेवावा. हा आयडी म्हणजे दाखला तयार झाल्याची खूण, स्वीकारल्याची नव्हे. आठवडाभरानं स्पर्शमध्ये लॉगिन करून पुढची तारीख एक वर्षानं सरकली का ते पाहावं. सरकली नसेल तर संस्था किंवा पीपीओ नंबर चुकलेला असतो आणि नवा दाखला काढायला नोव्हेंबरचे निदान दोन आठवडे अजून हातात असतात, पण फक्त पहिल्या आठवड्यातच दाखला काढला असेल तर.