.३७५ चा अक्रोडी दस्ता : आठ महिने आणि ठाण्याचा एक पावसाळा

रायफलच्या या लाकडी दस्त्याबद्दल एप्रिलमध्येच लिहिणार होतो. तेव्हा लिहिलं असतं तर कारागिरावर अन्याय झाला असता.

रायफल आजोबांची. .३७५ मॅग्नम, माउझर पद्धतीची बोल्ट अ‍ॅक्शन. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तिच्यासमोर जनावर आलेलं नाही. वारसाहक्काने परवाना माझ्या नावावर झाला, तेव्हापासून वर्षातून चारदोनदा रेंजवर कागदावर चालते. जुना दस्ता मानेपाशी, म्हणजे हाताची पकड येते त्या बारीक जागी, फाटला होता, म्हणून परवाना असलेल्या वर्कशॉपमध्ये काश्मिरी अक्रोडाचा नवा करून घेतला, ३८ हजारांत. लाकूड देखणं आहे, रेषा मानेतून सरळ मागे जातात, लांबी माझ्या हाताच्या मापाची. एवढं पुरे.

मला खुपली ती एक फट. गोळी भरणारी आणि उडवणारी पोलादी यंत्रणा म्हणजे अ‍ॅक्शन. अ‍ॅक्शनची मागची शेपटी, म्हणजे टँग, जिथे लाकडात बसते तिथे तिच्या मागे जेमतेम एक मिलिमीटर जागा मोकळी होती. ३८ हजार मोजून फट? कारागीर म्हणाला, "साहेब, ही बुजवली तर दस्ता फाटेल." मला ती सारवासारव वाटली. हट्टाने एपॉक्सी भरून घेतली, वर बिलातून चार हजार कापले.

अकराव्या गोळीनंतर टँगमागे केसाएवढा तडा दिसला.

.३७५ चा धक्का थर्टी-झिरो-सिक्स या नेहमीच्या रायफल-काडतुसाच्या जवळजवळ दुप्पट. तो पेलायचा असतो पुढच्या रिकॉइल लगने, म्हणजे यंत्रणेखालच्या पोलादी दाताने, लाकडातल्या रुंद खांद्यावर. म्हणून तर लगच्या मागे लाकडातून आडवा पोलादी बोल्ट घालतात. लग खांद्यावर घट्ट टेकलेला हवा आणि टँग मागून मोकळी. टँग लाकडाला भिडली की प्रत्येक गोळीला ती पाचरीसारखी मानेत घुसते, आणि दस्त्याची सगळ्यांत बारीक जागा तीच. आजोबांचा दस्ता नंतर काढून पाहिला. त्यालाही फट नव्हती, आणि तो तिथूनच फाटला होता. हे मी आधी का पाहिलं नाही, याचं अजून वाईट वाटतं. आता फट पुन्हा मोकळी केली आहे, तड्यात पातळ एपॉक्सी मुरवली आहे आणि तडा संपतो तिथे पेन्सिलची खूण आहे. त्यानंतर चौदा गोळ्या झाल्या, तडा खुणेच्या पुढे गेलेला नाही.

मग जुलै आला. नौपाड्यातल्या आमच्या घरात पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. नळी लाकडाला टेकता कामा नये; फेब्रुवारीत दोघांमधून दहाची नोट सुळकन सरकायची, ती आता डाव्या बाजूला अडकू लागली. रेंजवर गोळ्याही उजवीकडे जायला लागल्या. दस्ता उतरवला तर बाहेरून तेलाचे सात-आठ सुंदर हात, आणि आत नळीच्या खोबणीत कोरं लाकूड! बटच्या, म्हणजे दस्त्याच्या मागच्या टोकाच्या, रबरी पॅडखालीही तेच. लाकूड दमटपणा सगळ्यांत जास्त ओढतं ते कापलेल्या टोकातून, आणि फुगतं ते रुंदीत. जी जागा सगळ्यांत आधी बंद करायला हवी होती, तीच उघडी ठेवली होती.

कारागीर म्हणाला, ठाण्याची हवाच तशी. अहो, पण हवा काय मी फेब्रुवारीनंतर बदलली? आतून सील करायचे त्याने तीन हजार मागितले. तीन फोन झाले, आवाज चढले, शेवटी त्याने काम करून दिलं, ने-आण माझ्या खर्चाने. आता ऑक्टोबरात नोट पुन्हा सरकते.

घेणाऱ्यांनी दस्ता ताब्यात घेताना तो उतरवून आतून दाखवायला सांगा, आणि टँगमागची फट असेल तर तिला हात लावू देऊ नका.

फटीसाठी कापलेले चार हजार मी गेल्या आठवड्यात त्याला पाठवले. सीलचे तीन हजार दिले नाहीत, देणारही नाही.