कॅथोड बायस की फिक्स्ड बायस? ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला देण्याआधी ठरवा

ईएल34 या पॉवर ट्यूबची जोडी हाताशी आहे, पुश-पुल (दोन ट्यूब आळीपाळीने ओढणारा) अ‍ॅम्प्लिफायर बांधायचा आहे आणि पॉवर ट्रान्सफॉर्मर अजून वाइंडिंगला दिलेला नाही, तर बायसचं, म्हणजे ग्रिड कॅथोडच्या मानाने उणे ठेवून ट्यूबचा करंट आवरायच्या पद्धतीचं, आत्ताच ठरवून टाका. कॅथोड बायसमध्ये हे व्होल्ट कॅथोडखालच्या रेझिस्टरवर तयार होतात, फिक्स्ड बायसमध्ये वेगळ्या उणे सप्लायमधून येतात. पहिलाच अ‍ॅम्प असेल तर माझं मत सरळ कॅथोड बायसला.

त्यात करायचं इतकंच: प्रत्येक ट्यूबच्या कॅथोडखाली 470 ओहमचा, 5 वॅटचा रेझिस्टर. 60 मिलिअँपिअर वाहिले की त्यावर 28 व्होल्ट पडतात आणि ग्रिड कॅथोडच्या मानाने तेवढी उणे होते. करंट वाढायला लागला की हे व्होल्टही वाढतात आणि ट्यूब आपोआप आवरते. प्रीसेट (जुळवायचा छोटा बदलता रेझिस्टर) नाही, वेगळा सप्लाय नाही, ट्यूब बदलली तरी पुन्हा जुळवाजुळव नाही. मात्र ते 28 व्होल्ट एच.टी.तून, म्हणजे प्लेटच्या मुख्य उच्च व्होल्टमधून, वजा होतात. जुन्या डेटाशीटमध्ये या जोडीचे कॅथोड बायसवर सुमारे 35 वॅट आणि जास्त एच.टी. देऊन फिक्स्ड बायसवर सुमारे 55 वॅट दिलेत. ऐकताना हा फरक जेमतेम दोन डेसिबलचा. इंदूरच्या आपल्या घरांतल्या बैठकीत नाट्यपदांच्या रेकॉर्डी ऐकायला 35 वॅट पुरून उरतात.

सिंगल-एंडेड (एका ट्यूबवर चालणारा) करत असाल तर कॅथोड बायसच घ्या. फिक्स्ड बायसमधला रिपल (सप्लायमध्ये उरलेली एसीची लहर) पुश-पुलमध्ये बराचसा कटतो, सिंगल-एंडेडमध्ये तो हम होऊन स्पीकरमध्ये येतो.

मोठ्या हॉलसाठी किंवा गिटारसाठी दणका हवाच असेल, तर फिक्स्ड बायस. ईएल34ला उणे 38 व्होल्टच्या आसपास लागतात. वाइंडिंग करणाऱ्याला 50 व्होल्टची एक वेगळी बारीक तारेची वाइंडिंग घालायला सांगा. करंट नगण्य, तार थोडीच लागते. डायोडनंतर उणे 70 मिळतात, त्यातून हवे तेवढे खाली आणता येतात. ट्रान्सफॉर्मर आधीच तयार असेल तर 12 व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर उलटा करून 6.3च्या हीटर लाइनवर लावा, शंभरावर व्होल्ट मिळतात. फिल्टर कंडेन्सरचं प्लस टोक ग्राउंडला, हे मात्र दोनदा तपासा.

बरेच जण इथे झेनर (व्होल्ट स्थिर धरणारा डायोड) लावून बायस पक्का करतात. मी लावत नाही. आमच्याकडे रात्री लोड उतरला की लाइन 245पर्यंत चढलेली मी पाहिली आहे. तेव्हा एच.टी. वाढते, स्क्रीनचे (दुसऱ्या ग्रिडचे) व्होल्ट वाढतात आणि झेनरमुळे बायस मात्र तिथेच राहतो, म्हणजे ट्यूबचा करंट वाढतो. साधा, झेनर नसलेला बायस लाइनबरोबर तोही वाढतो आणि ट्यूबला बरंच सांभाळून घेतो.

प्रीसेटची जागा हा खरा कळीचा मुद्दा. माझ्या पहिल्या अ‍ॅम्पमध्ये तो उणे सप्लाय आणि ग्रिड यांच्या मधे सिरीजमध्ये होता. एका संध्याकाळी वाइपर (प्रीसेटचा सरकता संपर्क) सुटला, बायस शून्यावर आला आणि एका ट्यूबची प्लेट चुलीतल्या निखाऱ्यासारखी लाल झाली. स्विचपर्यंत हात जाईस्तोवर ट्यूब गेलेली होती. आता मी सिरीजमध्ये पक्का रेझिस्टर ठेवतो आणि प्रीसेट ग्राउंडच्या बाजूला, एका पक्क्या रेझिस्टरसोबत. तिथे वाइपर सुटला तर बायस जास्तीत जास्त उणे होतो आणि ट्यूब नुसती थंड पडते.

पहिल्यांदा चालू करताना ट्यूब न लावता सॉकेटच्या 5 नंबरच्या (ग्रिडच्या) पिनवर उणे व्होल्ट मोजा. प्रीसेट सर्वांत उणे बाजूला ठेवून मगच ट्यूब लावा. कॅथोड आणि ग्राउंड यांच्यामध्ये 1 ओहमचा रेझिस्टर असेल तर मल्टिमीटरवरचे मिलिव्होल्ट म्हणजेच मिलिअँपिअर. ईएल34ची प्लेट 25 वॅटची. त्याचे 70 टक्के धरले तर 430 व्होल्टवर सुमारे 40 मिलिअँपिअर येतात. तिथवर हळूहळू आणा, अर्धा तास तापू द्या आणि पुन्हा मोजा.