सेप्टिक शॉकमध्ये रक्त गोठू न देणारी औषधं : कोणतं, कधी, की नकोच?

आयसीयूत नातेवाईक हमखास विचारतात, "गुठळ्या होताहेत म्हणता, मग रक्त पातळ करायचं औषध का देत नाही?" प्रश्न रास्त आहे. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे संसर्गामुळे रक्तदाब कोसळतो त्या अवस्थेत, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या अडकतात आणि मूत्रपिंड, यकृत यांना रक्त पुरत नाही. पण त्याच गुठळ्यांत प्लेटलेट आणि गोठवणारे घटक खर्ची पडतात, म्हणून याच रुग्णाला रक्तस्रावाचाही धोका असतो.

सर्वाधिक आशा होती ती अ‍ॅक्टिव्हेटेड प्रोटीन सी, म्हणजे 'झायग्रिस' या औषधाकडून. २००१ च्या चाचणीत १,६९० रुग्ण होते. साधं सलाईन मिळालेल्यांत ३०.८ टक्के दगावले, औषध घेतलेल्यांत २४.७ टक्के. त्याच वर्षी अमेरिकेत मंजुरी मिळाली. पुढे खास सेप्टिक शॉकच्या रुग्णांवर पुन्हा चाचणी झाली, तेव्हा औषधाच्या गटात २६.४ आणि दुसऱ्या गटात २४.२ टक्के मृत्यू झाले. फायदा उरलाच नाही. २०११ मध्ये कंपनीने ते बाजारातून काढून घेतलं. एका चाचणीवर विसंबू नये, हे मला या औषधाइतकं कुणी पटवलेलं नाही.

अँटिथ्रॉम्बिन या दुसऱ्या औषधाचं चित्र आणखी स्पष्ट आहे. २,३१४ रुग्णांत मृत्यू जवळपास सारखेच, ३८.९ आणि ३८.७ टक्के, रक्तस्राव मात्र १२.८ वरून २२ टक्क्यांवर गेला. थ्रॉम्बोमोड्युलिन हे तिसरं औषध त्या मानाने सौम्य. २०१९ च्या चाचणीत मृत्यू २९.४ ऐवजी २६.८ टक्के झाले, पण एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. जपानमध्ये ही दोन्ही औषधं वापरतात, तीही सेप्सिसमुळे डीआयसी झालेल्या, म्हणजे रक्त गोठण्याची यंत्रणाच बिघडलेल्या रुग्णांत. पुढे काही सिद्ध झालं तर ते याच गटात होईल, असं मला वाटतं.

हेपॅरिन हे रक्त पातळ करणारं औषध स्वस्त आहे, सगळीकडे मिळतं. पण शॉकवरचा इलाज म्हणून त्याने जीव वाचतो, हे सिद्ध झालेलं नाही. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पायात गुठळी होऊ नये म्हणून त्याचा छोटा डोस देतात, तो वेगळा. रक्तस्राव नसेल आणि प्लेटलेट फार उतरले नसतील, तर तो घ्यावाच.

म्हणून शॉकसाठी मोठ्या डोसचा आग्रह धरू नका. अँटिबायोटिक पहिल्या तासात सुरू झालं का, पू साचला असल्यास तो काढला का, हे आधी विचारा. पायात किंवा फुप्फुसात गुठळी सापडली असेल, तर पूर्ण डोसचा विचार त्या गुठळीसाठी होतो आणि तेव्हा रक्तस्रावाचा धोका डॉक्टरांकडून नीट समजून घ्या.